नरसय्या मास्तरांचे सोळा दिवस

नरसय्या,

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं हेडमास्तरांनी मला सांगितलं. "तुमचा त्यांचा घरोबा. तुम्हीच लिहा, वामनराव," म्हणाले. मी बसलो लिहायला. विणकराच्या घरातला मुलगा, कष्टानं शिकला, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आमच्या शाळेत मास्तर झाला, स्वभावानं शांत. एवढं लिहून झालं आणि हात थांबला. त्यात चूक काहीच नव्हतं. पण वाचणाऱ्याला वाटलं असतं की लिहिणारा तुझा मित्र होता.

तो कागद मी फाडला. हे लिहितोय ते अंकासाठी नाही. तुझ्यासमोर उभं राहून चार शब्द बोलायला मला सोळा दिवस मिळाले होते. ते मी घालवले. आता तुला जाऊन बारा दिवस झाले, आणि आता मी बोलतोय.

प्लेगच्या वर्षापासून सुरू करतो, कारण तिथं तरी मला तुझ्याकडे सरळ बघता येतं. गाव रिकामं करून सगळे माळावर झोपड्या घालून राहिले होते. तुझी झोपडी आमच्या शेजारी आली. आपण दोघंही शाळेत नवे. माझी कुसुम तेव्हा चार वर्षांची, तापानं फणफणलेली. साधा हिवताप होता, पण त्या दिवसांत ताप म्हटलं की माणसं दहा पावलं लांब उभी राहून विचारपूस करायची. तू वाकून आत आलास. चुलीतला कोळसा उचललास आणि तिच्या उशाशी बांबूच्या तट्ट्यावर एक हत्ती काढलास. "आता औषध घेतलंस तर उद्या उंट," म्हणालास. उंटासाठी ती औषध प्याली. उंट झाला, मोर झाला, आगगाडी झाली. तिचा ताप उतरला तेव्हा त्या तट्ट्यावर बोटभर जागा उरली नव्हती. झोपड्या मोडताना तो तट्टा ती जाळायच्या ढिगात टाकू देईना, इतकी रडली.

त्यानंतर तू आमच्या घरी येऊ लागलास. आमच्या घरात तुझा कप वेगळा होता. कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. आलास की तो तूच काढून घ्यायचास, आणि चहा झाला की तूच विसळून पुन्हा पालथा घालायचास. तू हे इतकं सहज करायचास की त्यात कुणाला लागण्यासारखं काही आहे, हे मला कधी सुचलंच नाही. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तू मला 'वामनराव, तुम्ही' म्हणायचास, मी तुला 'अरे नरसय्या'. हेही कधी सुचलं नाही. आता हे लिहिताना 'तुम्ही' घालून पाहिलं. दुसऱ्याच कुणाशी बोलतोय असं वाटलं. म्हणून 'तू'च म्हणतो. हाही अपराध त्यातच धर.

मग माझं ते पुस्तक निघालं. मी शरीराचे आणि आरोग्याचे धडे शिकवतो, म्हणून मुलांसाठी एक लहानसं पुस्तक लिहावं असं माझ्या मनानं घेतलं. चित्रं तू काढायची, असं ठरलं. तू फुप्फुसं काढलीस, काळीज काढलंस, किडलेले दात काढलेस. माझ्या इंग्रजी पुस्तकातलं मेंदूचं चित्र तू उतरवून घ्यायला लागलास तेव्हा मी म्हणालो, "ते गाळू. मुलांना समजायचं नाही." खरं म्हणजे मलाच समजत नव्हतं.

शेवटचा धडा दारूबंदीचा. चित्र कसं हवं ते मी तुला सांगितलं. गटारात पडलेला दारुडा, मागं त्याचं घर, घरात हातमाग, मागापाशी रडणारी बायको. तू पेन्सिल खाली ठेवलीस.

"माग कशाला?"

"लोकांना ओळखू यावा म्हणून."

"दारुडा म्हटला की मागवालाच ओळखू येतो का? वकील काढतो की. कोट-पगडी घालून गटारात. चालेल?"

"उगाच वाद घालू नकोस. शिंदीच्या दुकानापुढं कोण बसलेलं असतं, हे तुला मी सांगायला हवं का?"

"नको," तू म्हणालास. "माझा बापच बसायचा. तिथंच मेला. म्हणून मी थेंबाला शिवत नाही. पण त्याला पुस्तकात घालून शाळेतल्या पोरांना दाखवायला मी न्हाई काढणार."

तू शाळेत शिकून 'नाही' म्हणायला लागला होतास. राग आला की मात्र 'न्हाई' यायचं. मला कळलं की तू रागावला आहेस. मला हेही कळलं की तुझं बरोबर आहे. पण माझ्या पुस्तकाला, माझ्याच घरात, तू नाही म्हणालास हे मला झोंबलं. ते चित्र मी दुसऱ्या एकाकडून काढून घेतलं. माग ठेवून. तुला दाखवलंसुद्धा. तू एवढंच म्हणालास, "रेष चांगली आहे." तो वाद तिथंच राहिला. तो पुढं न्यायचा, तुला 'चुकलो' म्हणायचं, असं मी मधूनमधून ठरवत होतो. पुढं कधीतरी.

त्यानंतर महिन्याभरानं, शाळा सुटल्यावर आपण तळ्याच्या काठानं चाललो होतो. तू शेंगा घेतल्यास. कागद माझ्या हातात होता, आणि तू घ्यायला गेलास तर तुझा हात कागदाच्या शेजारी रिकाम्या हवेत पडला. मी हसलो.

"हसू नका, वामनराव," तू म्हणालास. "मला दोन दिसायला लागलेत."

"दोन काय?"

"सगळंच. तुम्ही दोन. देवळाचं शिखर दोन. उजवा डोळा झाकला की एक होतं."

मी तुझ्याकडे नीट बघितलं. तुझ्या उजव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर उतरली होती. तेवढा एकच डोळा झोपी गेल्यासारखा.

"डोळ्याच्या मागं ठणकतंय. चार दिवस झाले."

"चष्म्याचा नंबर असेल. रात्री गुलाबपाणी घाल."

"असेल," म्हणालास. थोडं चालून पुन्हा थांबलास. "हे कुणाला बोलू नका. चित्रकलेच्या मास्तरला दोन दिसतात म्हटल्यावर नोकरीत कोण ठेवील?"

"नाही बोलत," मी म्हणालो.

शरीराचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसानं तुला गुलाबपाणी सांगितलं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी त्याला अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं.

पाच-सहा दिवसांनी, दुसऱ्या तासाला, तुझ्या वर्गातून बाकं सरकल्याचा आवाज आला आणि मग मुलांचं हसणं. मी शेजारच्या वर्गात होतो. धावत आलो. तू फळ्यावर घागर काढत होतास. घागरीच्या कडेची रेष सरळ खाली घसरत फळ्याबाहेर भिंतीवर गेली होती. तू दोन्ही हातांनी डोकं आवळून जमिनीवर बसला होतास. कोटावर ओकारी झाली होती. मला बघून म्हणालास, "घण घातला, वामनराव. कुणीतरी डोक्यात घण घातला." जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. उठायला गेलास आणि झोकांडी जाऊन टेबलावर आदळलास. मुलं पुन्हा हसली.

दारात आणखी दोन-तीन मास्तर जमले होते. त्यांतले एक हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळूच, "सकाळी सकाळी? माग सुटला तरी शिंदी काही सुटत नाही."

तू ऐकलंस. तुझा उघडा डोळा माझ्याकडे वळला. मी खाली बघितलं आणि तुझा खडू उचलून फळ्याच्या कडेला ठेवला.

बाबू शिपायानं तुला बखोट्याला धरून टांग्यात बसवलं. परत येऊन तो मास्तरांच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सायब, मी धरलं व्हतं त्यास्नी. तोंडाला वास न्हाई येत की. दुसरंच कायतरी हाय हे." त्याला कुणीतरी पाणी आणायला पाठवलं. त्या सबंध शाळेत खरं बोलणारा तेवढा एकच होता, आणि त्याला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, हे तुलाही माहीत आहे. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना जवळून ओळखता. काही आजार वगैरे आहे का? तसं असेल तर मला कमिटीला लिहिता येईल. नाहीतर लोक काय म्हणतायत ते तुम्ही ऐकलंच आहे."

समोर टेबलावर माझ्या पुस्तकाचं बाड होतं. त्यांच्या शिफारशीसाठी दिलेलं. वरचंच पान दारूबंदीच्या धड्याचं होतं.

मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं, ते तुला सांगतो. मी स्वतःला सांगितलं की मी तुला शब्द दिला आहे. दोन दिसतं हे कुणाला सांगू नका, असं तूच म्हणाला होतास. मी मित्राचा शब्द पाळतोय. हे मी घरी येईपर्यंत, जेवताना, अंथरुणावर पडल्यावरही स्वतःला सांगत होतो. पण त्या खोलीत, हेडमास्तरांच्या समोर, मला तुझा शब्द आठवलाच नव्हता. मला ते बाड दिसत होतं. दारूवर धडा लिहिणारा माणूस दारुड्याची बाजू घेतो, असं कुणी म्हणेल का, एवढंच डोक्यात होतं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती. तू माझं चित्र काढायला नाही म्हणाला होतास.

कमिटीचा निकाल लागेपर्यंत शाळेत येऊ नये, असं पत्र तुला गेलं.

तू कसा आहेस, हे मी बाबूला विचारत होतो. तुझ्या गल्लीजवळच तो राहायचा. "मान अवघडलीय म्हनत्यात. उजेड सोसना झालाय. पर बसत्यात उटून," असं त्यानं तिसऱ्या दिवशी सांगितलं. आठव्या दिवशी म्हणाला, "आता बरं हाय. मागावर बसायला लागलेत भावाच्या. घरात बसून कसं चालंल?" मला हायसं वाटलं. बरा झाला. म्हणजे फारसं काही नव्हतं. महिन्याभरात हे सगळं निवेल, तू परत येशील, मग मी एखाद्या दिवशी सावकाश बोलेन.

त्यानंतर एकदा तू मला दिसलास. बाजारातून येत होतास, खांद्यावर सुताचं गाठोडं, उजव्या डोळ्यावर पांढरी चिंधी बांधलेली. दोनाचं एक व्हावं म्हणून बांधली असणार. भिंतीला हात लावत लावत, पाऊल चाचपून टाकत चालला होतास. अंतर वीस पावलांचं. मी शेजारच्या बोळात वळलो. तिथं एक तांबोळी बसला होता. त्याच्याकडून मी विडा घेतला. मी विडा खात नाही. तो हातात धरून तू जाईपर्यंत उभा राहिलो. तू मला पाहिलंस का, हे मला कळायचं नाही आता.

सोळाव्या दिवशी मधल्या सुट्टीत बाबू धापा टाकत आला. "नरसय्या मास्तर पडलं. सरकारी दवाखान्यात नेलंय."

मी गेलो. बाहेर तुझा भाऊ मल्लय्या भिंतीला टेकून उभा होता. सूत गुंडाळलेला लाकडी रूळ तुम्ही दोघं मिळून मागावर चढवत होता, तो म्हणाला. जड असतो तो. अर्ध्यावर उचलला असेल, तू एक हात सोडून डोक्याला लावलास, 'अम्मा' म्हणालास आणि कोसळलास. आत तुझी बायको, राजम्मा, तुझ्या पायाशी बसली होती. तू घोरल्यासारखा श्वास घेत होतास. उजवी पापणी आता पूर्ण मिटली होती. डॉक्टरांनी ती बोटानं वर केली. आतली काळी बाहुली मोठी झाली होती, दिवा जवळ आणला तरी हलत नव्हती.

डॉक्टर तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. तुला कुशीवर वळवून त्यांनी पाठीच्या मणक्यांच्या मधून सुई घातली आणि काचेच्या नळीत पाणी घेतलं. खिडकीशी जाऊन ती नळी उजेडात धरली. "हे विहिरीच्या पाण्यासारखं नितळ असायला हवं," ते म्हणाले. ते लाल होतं.

मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, "याआधी कधी असं डोकं दुखलं होतं? एकदम, वीज पडल्यासारखं?"

राजम्मानं माझ्याकडे बघितलं. मल्लय्यानंही.

मी बोललो, नरसय्या. तिथं मी सगळं बोललो. तळ्याच्या काठावर दोन दिसत होतं, पापणी उतरली होती, डोळ्यामागं ठणकत होतं, मग वर्गात घण घातल्यासारखं झालं, ओकारी झाली, जीभ जड झाली, मग मान अवघडली, उजेड सोसेना. तारीखवार सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे हे सगळं तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. नुसतं म्हटलं. मी त्या क्षणापासून अजून बाहेर आलेलो नाही.

नंतर व्हरांड्यात त्यांनी मला समजावून सांगितलं. तुला कळायला हवं की तुला काय झालं होतं, म्हणून ते जसं मला समजलं तसं लिहितो. मेंदूच्या तळाशी रक्ताच्या धमन्यांचं एक कडं असतं. कुणाकुणाच्या धमनीची भिंत तिथं एखाद्या जागी पातळ असते. सायकलच्या ट्यूबचा रबर विरला की तिथं फुगा येतो, तसा त्या जागी फुगा येतो. इंग्रजीत त्याला अॅन्युरिझम म्हणतात. तो वर्षानुवर्षं गप्प बसून असतो, माणसाला पत्ता नसतो. मोठा होताना तो डोळ्याच्या नसेवर दाबला गेला की पापणी उतरते आणि एकाचे दोन दिसतात. ती त्यानं दिलेली सूचना. मग एक दिवस तो थोडासा फाटतो, रक्त झिरपतं, आणि डोक्यात घण बसतो. हे पहिलं रक्त पुष्कळदा आपोआप थांबतं. फाटलेल्या जागी खपली धरते. माणूस उठून बसतो, बरा झाला असं घरच्यांना वाटतं. "आणि तोच काळ सगळ्यांत वाईट," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन आठवड्यांत ती खपली सुटते."

मी विचारलं, "दारूनं होतं का हे?"

त्यांनी मान हलवली. "कधी न शिवलेल्याला होतं. कुणालाही होतं. पण झोकांडी गेली, ओकला, बोबडं बोलला की बघणाऱ्याला दारूच दिसते. असे दोन रोगी माझ्याकडे पोलीस चौकीतून आले होते. फार उशिरा."

"पहिल्या दिवशीच तुमच्याकडे आणला असता तर वाचला असता?"

ते म्हणाले, "खोटं सांगत नाही. तो फुगा दुरुस्त करायला माझ्याकडे काही नाही. अंधाऱ्या खोलीत उताणं निजवून ठेवायचं, कितीतरी आठवडे. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, संताप येऊ द्यायचा नाही. काहींचं धरतं. पुष्कळांचं निजवूनही फुटतं." मग म्हणाले, "पण निजवायला तर हवं होतं."

तुला निजवायला हवं होतं तेव्हा तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होतास, कारण शाळेनं तुला थांबवलं होतं, कारण मला काही कल्पना नव्हती. मधली एकही पायरी मला गाळता येत नाही. गाळून पाहिली आहे.

संध्याकाळचा गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तू गेलास.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. "अरेरे," म्हणाले. मग म्हणाले, "आता उकरून काय मिळणार?" मी म्हणालो, कमिटीला लिहा. त्यांनी लिहिलं. तुझ्यावरचा ठपका चुकीचा होता, तू आजारी होतास, असं स्वच्छ लिहिलं. माझं नाव घाला, असं मी त्यांना सांगितलं होतं. पत्र वाचायला मिळालं तेव्हा त्यात 'मागाहून समजलेल्या माहितीवरून' असे शब्द होते. मागाहून. मी ते वाचलं आणि परत दिलं. काही बोललो नाही. बघ, तू गेल्यावरही.

पुस्तक मी परत मागून घेतलं आहे. ते चित्र काढून टाकलं. त्या जागी डोक्याचा एक धडा लिहितोय. आधी कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी आली, पापणी उतरली, दोन दिसू लागलं, मान ताठली, तर त्या माणसाला हसू नका, चालवू नका, त्याच्या तोंडाचा वास घेत बसू नका. आडवं करा आणि डॉक्टरांना बोलवा. दुसऱ्या दिवशी बरा दिसला तरी उठू देऊ नका. एवढंच आहे त्यात. चित्र कुणाकडून काढून घ्यावं, सुचत नाही.

काल तुझ्या घरी गेलो. दहा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट चालू होता. तुझ्या दारातला मात्र बंद होता. राजम्मानं मला आत घेतलं, घोंगडी टाकली, तांब्यातून पाणी दिलं. तांब्या वेगळा काढून ठेवलेला नव्हता.

"तुमी येनार, असं म्हनत व्हते ते," ती म्हणाली. "रोज म्हनायचे. वामनरावांला सगळं म्हाईत हाय, ते सांगतील हेडमास्तरला. आज न्हाई तर उद्या सांगतील."

मी म्हणालो, "राजम्मा, मी—"

"मला कळलंय. दवाखान्यात डॉक्टरला सांगितलं तुमी, तवाच कळलं." तिचा आवाज चढला नाही. "माझ्यापाशी काय बोलू नका. अम्माला सांगा. तिला वाटतंय, पोरगं बापासारखं पिऊन मेलं. गल्लीत तसंच बोलत्यात. मी सांगितलं तर बायको झाकतीय म्हनती. मल्लय्यानं सांगितलं तर भाऊ झाकतोय. तुमी शाळेचे. तुमचं ऐकंल ती."

तुझी आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला मराठी येत नाही. मी एक वाक्य बोलायचो, राजम्मा ते तेलुगूत करायची. धमनी, फुगा, डोळ्याची नस, हे सगळं तिनं कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण तुझ्या आईनं हळूहळू तोंड आमच्याकडे वळवलं. मध्येच तिनं काहीतरी विचारलं.

"थेंबसुद्धा न्हाई का, इचारती," राजम्मा म्हणाली.

"थेंबसुद्धा नाही, अम्मा. कधीच नाही."

हे भाषांतर होण्याआधीच तिला समजलं असावं. ती रडायला लागली. मोठ्यानं, छाती पिटत. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती, असं मला नंतर कळलं. दारुड्यासाठी एकदा रडून झालं होतं तिचं.

ती थोडी शांत झाली. मला वाटलं, आता उठावं. मग वाटलं, आता उठलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही. मी म्हणालो, "अम्मा, तो आजारी आहे हे मला माहीत होतं. शाळेत मला विचारलं. मी सांगितलं नाही. म्हणून त्याला घरी बसवलं, म्हणून तो मागावर गेला."

 मी राजम्माकडे बघितलं. मग तिनं सासूला काहीतरी सांगितलं. फार लहान वाक्य होतं. तुझ्या आईनं हात लांब केला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बिड्डा." तेवढा शब्द मला येतो. लेकरा.

राजम्मा मला दारापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"म्हनलं, ह्यांना लई वाईट वाटतंय."

"आणि मी बोललो ते?"

"ते न्हाई सांगितलं." तिनं पदर नीट केला. "आज तिला तिचं पोरगं परत मिळालंय. त्यात तुमचं वझं कशाला टाकू? तुमचं तुमीच वागवा."

ती आत गेली. मी गल्लीतून निघालो तेव्हा तो हात अजून माझ्या डोक्यावर होता. तो चोरीचा हात आहे, नरसय्या. तिनं तो ज्याला दिला तो माणूस मी नाही. राजम्माचं बरोबर आहे, हे मला पटतं. पण मी गप्प बसलो की नेहमी कुणाचं ना कुणाचं बरोबर असतंच.

आपल्या शाळेत निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात. 'मला माहीत होतं' हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात, ते त्यांतलं कुणीही सांगेल. मी अजून कुणाला विचारलेलं नाही.